सतरा रेघा

चैत्र लागायच्या सुमाराला आमच्या गल्लीला एक वास सुटतो. तीन दिवस पाण्यात राहून आंबूस झालेल्या गव्हाचा. बाहेरचा माणूस गल्लीत शिरला की नाकाला रुमाल लावतो, आणि आम्ही बायका त्याच वासावरून ओळखतो, की कोणाकडे आज दुसरा दिवस आहे आणि कोणाकडे तिसरा. आमचे हे काळीपिवळी जीप चालवतात, चिखली ते मेहकर. ते म्हणतात, "तुह्यं नाक पोलिसात पाह्यजे होतं." मी म्हणते, पोलिसातल्यांना कुरडया कुठे येतात.

मला हा वास आवडतो. अगदी खरं सांगायचं तर मोगऱ्याच्या आधी मला हा वास आवडतो. मोगरा सगळ्यांचाच असतो. हा वास आला की मला वाटतं, आपण या गल्लीतल्या आहोत, आणि इथे आपलं काही अडत नाही, कारण अडायच्या आधीच कोणीतरी दारात येऊन उभं असतं.

कुरडई करणं हे एकटीचं काम नाही. सांजेला गहू भिजत घालायचे, तीन दिवस रोज पाणी बदलायचं, तिसऱ्या दिवशी दुपारी वाटायचे, फडक्यातून पिळून चीक काढायचा आणि रात्रभर निवळू द्यायचा. चौथ्या दिवशी पहाटे वरचं पाणी ओतून खालचा घट्ट चीक उकळत्या पाण्यात शिजवायचा. लाकडी चाटूने तो सारखा घोटावा लागतो. एकीचे हात भरून आले की दुसरीने चाटू घ्यायचा, आणि तो गरम असतानाच सोऱ्यात भरून भराभर गच्चीवर कुरडया पाडायच्या. म्हणून सावड. आज तुझ्याकडे, परवा माझ्याकडे. कोणी कोणाला बोलवत नाही. वास आला की जायचं, आणि कामावर आलेल्यांना आधी वाटीभर गरम चीक दूध-साखर घालून द्यायचा, एवढाच रिवाज. चीक मात्र थांबत नाही. एक दिवस उशीर झाला तर तो जास्त आंबतो, कुरडई लाल पडते आणि तळताना फुलत नाही. वर्षभर पाहुण्यांच्या ताटात ती बसून राहते आणि घरच्या बाईची अब्रू काढते.

नेमकं याच दिवसांत परीक्षा असतात. मला नेहमी वाटत आलं आहे, की परीक्षांचं वेळापत्रक ज्याने ठरवलं त्याने आयुष्यात एकदाही सोऱ्या फिरवलेला नसणार. गच्च्यांवर पांढरी लुगडी अंथरलेली, त्यांवर कुरडया, आणि जिन्याच्या सावलीत पुस्तक घेऊन बसलेली पोरं. त्यांच्या आया वरून ओरडणार, "वाच, आणि कावळ्याकडे ध्यान ठेव." अभ्यास आणि कावळा दोन्ही सांभाळून आमच्या गल्लीतली बरीच मुलं मार्गी लागली आहेत.

मीही एके वर्षी त्या जिन्यात बसले होते. सव्विसाव्या वर्षी.

माझं माहेर सुलतानपूरचं. नववी झाली आणि लग्न झालं, त्यात कोणाचा दोष काढायचा माझा स्वभाव नाही. चिखलीत आले, दोन मुलं झाली, आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागले. खिचडी शिजवायची, मुलांची नाकं पुसायची. गाणी, गोष्टी आणि अक्षरं सेविका शिकवायची, आणि मी खिचडी ढवळता ढवळता तिची गाणी पाठ करायची. मग कळलं की त्या बाई पुढच्या वर्षी सुटणार आहेत. त्यांच्या जागी बसायचं तर दहावी पास पाहिजे. मी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला, भाच्याची जुनी पुस्तकं आणली, आणि सगळ्या विषयांशी जमवून घेतलं. गणिताशी जमलं नाही. त्यातही भूमिती. त्रिकोण दिसला की मी पान उलटायची. गणितात गेले असते तर सेविकेची जागा गेली असती आणि मी जन्मभर दुसरीची गाणी पाठ करत राहिले असते.

आता गोदामावशीबद्दल सांगायला हवं. आमच्या समोरचं घर तिचं. माहेर वडनेर भोलजीचं, म्हणजे घाटाखालची. आम्ही घाटावरचे. घाटाखालच्यांना वाटतं की खरं ऊन त्यांच्याकडेच पडतं आणि आमच्याकडे येतं ते उरलंसुरलं. मावशी अजूनही कुरडई वाळली की नाही ते बघताना म्हणते, "वडनेरले येवढ्यात कडक झाली असती." शाळेची पायरी ती चढली नव्हती. पण तिला एक खोड होती, आणि आहे. ती विचारते. जिथे आपण "असंच असतं" म्हणून पुढे जातो तिथे ती थांबते. रांजणाचं पाणी गार काऊन होते? मुंग्या रांगेतच काऊन चालतात? पाहुणा निघताना "बसा" म्हटलं की तो उठतोच काऊन? तिचे यजमान तिच्या प्रश्नांना कंटाळून पारावर जाऊन बसायचे. मी मात्र फरसाण बांधून आलेला कागदसुद्धा वाचणारी. आमचं जमलं.

त्या वर्षी शुक्रवारी अकरा वाजता माझा भूमितीचा पेपर होता, आणि मी सोमवारी गहू भिजत घातले. सोमवार ते शुक्रवार. म्हणजे शुक्रवारी पहाटे चीक.

ही हकीकत मी नंतर कितीतरी ठिकाणी सांगितली आहे. हळदीकुंकवाला, प्रशिक्षणाला, सुनेच्या माहेरी. "वेळापत्रक बघायलाच विसरले, काय वेंधळी मी," असं म्हणायचं, आणि बाया हसायच्या.

शुक्रवारी पहाटे मी चूल पेटवून पातेलं ठेवलं होतं. दोन पायली गव्हाचा चीक होता. दुपारपर्यंत हात मोकळा होणार नव्हता. मावशी आली, तिच्यामागे शमीमभाभी आली. भाभीच्या घरचा सोऱ्या पितळेचा आणि जड, त्यामुळे सगळ्या गल्लीच्या कुरडया त्याच सोऱ्याने होतात. मावशीने दारातूनच विचारलं, "काय वं, आज तुह्या पेपर व्हय ना?"

"हाव," मी म्हटलं. "पण आता चीक टाकून कशी जाऊ? पेपर काय, पुन्हा ऑक्टोबरात देता येते."

मावशीने माझ्या हातातला चाटू घेतला. ओढला नाही, नुसता घेतला. "चीक मी पाह्यते. तू आंग धू."

"मावशी, मले काही येत नाही त्याच्यातलं."

"आमाले तरी कुठं येते? जाय. येऊन सांग, काय काय इचारलं ते. सारं सांगजो, मधातच सोडू नको."

शमीमभाभीने गरम चिकाची वाटी माझ्या हातात दिली. "खाके जा," म्हणाली, "उपाशीपोटी हिशेब नाही होत." मी चीक खाल्ला आणि गेले. पायांत वहाणा दोन जोडांच्या होत्या, ते केंद्रावर गेल्यावर कळलं.

परत आले तर गच्चीवर दोन लुगडी भरून कुरडया होत्या, एकसारख्या गोल. इतक्या चांगल्या माझ्या हातून कधी पडल्या नसत्या. दोघी जिन्याच्या सावलीत बसल्या होत्या. मावशी म्हणाली, "हं, सांग. काय इचारलं?"

मी पेपर उघडला आणि एकेक प्रश्न वाचला. वर्तुळ, स्पर्शिका, त्रिकोण. बऱ्याच ठिकाणी मावशी नुसती "बरं" म्हणाली. मग तो प्रश्न आला. एका झाडाची सावली झाडाच्या उंचीएवढी आहे, तर सूर्याचा कोन किती? मी पंचेचाळीस लिहून आले होते, आणि ते बरोबर आहे याची मला खात्रीही होती. मावशीला कोनाशी काही घेणंदेणं नव्हतं. ती सरळ होऊन बसली.

"म्हंजे झाडाची सावली झाडायेवढी होते? कवा?"

"होते दिवसातून दोनदा. सकाळी एकदा आणि दुपारनंतर एकदा."

"मंग झाडावर न चढता झाड मोजता येते म्हन की."

"येते."

"मंग चाल," मावशी उठली. "आपल्या निंबाले मोजू."

आमच्या गल्लीच्या मध्ये तेव्हा मोठा कडूनिंब होता. आम्ही तिघी खाली उतरलो. मावशीच्या हातात तोच चाटू, चिकाने माखलेला. तो मातीत सरळ रोवला आणि त्याच्या सावलीवर नजर ठेवून बसलो. मी त्या दिवसापर्यंत भूमिती नुसती घाबरत घाबरत पाठ केली होती. चाटूची सावली हळूहळू लांबत चाटूएवढी होताना बघितली, आणि मला पहिल्यांदा वाटलं, अरे, हे तर खरं आहे. तीन-सव्वातीनच्या सुमाराला सावली चाटूला मिळाली. मावशीने पदर खोचला आणि ती निंबाच्या बुंध्यापासून सावलीच्या टोकापर्यंत वाकून, कोपरापासून बोटापर्यंतच्या हाताने माती मोजत गेली. येणारेजाणारे थांबून बघत होते. सतरा हात भरले.

मावशीला आकडा लिहिता येत नव्हता. तिने चुलीतला कोळसा आणला आणि आपल्या दाराच्या चौकटीशेजारी भिंतीवर सतरा उभ्या रेघा ओढल्या. "इसरलं नाही पाह्यजे," म्हणाली.

गणितात मला अडतीस मार्क पडले. पस्तीसची पायरी होती, त्यावर तीन. मी सेविका झाले, आणि पहिल्या दिवशी ती सगळी पाठ केलेली गाणी एका दमात म्हणून टाकली, मुलं बिचारी थकून झोपली.

आमच्याकडे आभार हा शब्द लग्नपत्रिकेत छापतात. तोंडाने कोणी म्हणत नाही. मावशीला मी "तुमचे उपकार कसे फेडू" असं म्हटलं असतं तर तिने मला ताप तर नाही ना म्हणून कपाळाला हात लावून बघितला असता. तुम्ही माझा चाटू धरला, मी तुमचा धरीन, इतकं ते सोपं आहे. मी तिच्याकडे दर चैत्रात गेले, चीक घोटला, पापड लाटले, तिच्या धाकट्या मुलीच्या लग्नात आठ दिवस चूल सांभाळली. तरी मला आत कुठेतरी माहीत होतं, की हे बरोबरीचं होत नाही. तिने माझा चाटू धरला तेव्हा पलीकडे माझी दहावी होती. मी तिचा धरते तेव्हा पलीकडे काय असतं? तिची दुपारची झोप.

मावशी दर दिवाळीला भिंत पोतारते, आणि पोतेरा वाळला की चौकटीशेजारी पुन्हा कोळशाने सतरा रेघा ओढते. नव्या सुनांना वाटतं काही नवस आहे. एकीने तर त्यांना हळदकुंकू वाहिलं होतं. मावशीने तिला हसू दाबत सांगितलं, "निंब हाय थो." तोवर निंब राहिला नव्हता. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला तेव्हा तो तोडला. आता तिथे दुपारी कोणाचीच सावली नसते, दोन मोटरसायकली तेवढ्या तापत उभ्या असतात. तो किती मोठा होता यावर कोणाकोणात वाद होतो. मावशी वादात पडत नाही. भिंतीकडे बोट करते.

गेल्या वर्षी प्रौढांच्या साक्षरतेचा वर्ग आमच्या अंगणवाडीत सुरू झाला, दुपारी तीनला. शिकवायला मीच. मी मावशीला म्हटलं, तर ती म्हणाली, "मले कायले? मी का आता नोकरीले जातो?" दोन दिवसांनी ती खिडकीशी येऊन उभी राहिली. पोरांसारखी आत बघत. तिसऱ्या दिवशी आत येऊन बसली आणि विचारलं, "क चं पोट उजव्या बाजूनं काऊन फुटेल राह्यते?" मी फळ्यावर तीनदा क काढून बघितला आणि हरले. तिला त्याचं फार बरं वाटलं. मग ती रोज आली. ईदच्या दुसऱ्या दिवशी शमीमभाभीच्या घरी शिरखुर्मा प्यायला गेलो, तर भिंतीवरच्या कॅलेंडरातला प्रत्येक आकडा मावशीने मोठ्याने वाचून दाखवला, शिरखुर्मा निवेपर्यंत.

वर्गाची परीक्षा या रविवारी होती, जिल्हा परिषदेच्या शाळेत. बुधवारी सांजेला मावशीच्या घरातून वास नव्हता. गुरुवारी थोडा आला. शनिवारी दुपारी मी अंगणवाडीतून येत होते, आणि वास असा भरून आला की पाय थांबले. तिसरा दिवस.

मी तिच्या घरात गेले. मावशी फडक्यातून चीक पिळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्या माह्या चीक हाय बाई. चुकलंच पाह्य. परीक्षा पुढच्या साली देईन."

फळीवर मोठा पत्र्याचा डबा होता, कुरडयांचा. मी त्यावर टिचकी मारली. भरलेल्या डब्याचा आवाज वेगळा असतो. झाकण उघडलं तर गेल्या वर्षीच्या कुरडया गळ्यापर्यंत होत्या. घरात माणसं दोन, मावशी आणि तिचा नातू, आणि तो कुरडई खात नाही.

"मावशी," मी म्हटलं, "डबा भरेल हाय."

ती पिळतच राहिली. मग हात थांबले. "नापास झाली तं गल्लीतल्या पोट्ट्या हासतीन," ती म्हणाली. "पेन धरलं का हात कापते वं माह्या. सोऱ्या धरतो तवा नाही कापत."

मला त्या वेळी रडू आलं, हे सांगायला लाज कसली. मी तिच्याजवळ खाली बसले आणि बावीस वर्षं कोणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. की मी वेळापत्रक विसरले नव्हते. ते दारामागे चिकटवलेलं होतं. सोमवारी गहू भिजवताना मी बोटांवर दिवस मोजले होते. चीक थांबत नाही, सगळी गल्ली मान्य करील, कोणी मला भित्री म्हणणार नाही, म्हणून भिजवले होते. वेंधळी होते हे मी लोकांना सांगत आले, कारण वेंधळेपणावर लोक हसतात आणि विसरतात.

मावशीने माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर जरासुद्धा नवल नव्हतं.

"मले मालूम हाय," ती म्हणाली.

"कसं?"

"तुह्या घरी बी तवा दोन डबे भरेल पडेल होते. मीच तं भरू लागली होती त्याच्या आंधीच्या साली." तिने चिकाचे हात परातीत झटकले. "थ्या दिशी पह्यलेछूट डब्बेच पाह्यले म्या. मंग चाटू घेतला."

बावीस वर्षं तिने हे कोणाला सांगितलं नव्हतं. माझी हकीकत ती माझ्या शेजारी बसून दर वेळी ऐकायची, आणि बायांबरोबर हसायची.

रविवारी पहाटे मी गेले आणि चूल पेटवली. मावशी चाटू घ्यायला आली. मी दिला नाही. "आंग धुवा," मी म्हटलं. शमीमभाभी पितळी सोऱ्या घेऊन आली होती, तिने तो ठेवला, वाटीत चीक, दूध, साखर घातलं आणि मावशीच्या पुढे धरलं. मावशीने खाल्लं. नवीन पातळ नेसली, पेन पदराच्या गाठीत बांधलं, आणि भाभीबरोबर शाळेच्या दिशेने गेली. मी मुद्दाम खाली बघितलं. वहाणा एका जोडाच्या होत्या.

चीक घोटताना मला बरोबरीची आठवण झाली. मी उगाच इतकी वर्षं मोजत बसले होते. देणाऱ्याचं देणं त्याच्याच घरी परत नेऊन टाकायचं असतं असं थोडंच आहे. वेळ आली की डबा बघावा, चाटू धरावा, आणि तोंड बंद ठेवावं, एवढं ती मला शिकवून गेली होती. पण माझं नशीब चांगलं. माझी वेळ तिच्याच दारात आली.

वास आला तशा शेजारच्या दोघी आल्या, आणि कुरडया पाडून झाल्या. माझ्या पाडलेल्या अजूनही लंबगोल होतात. एक वाजून गेला तेव्हा दोघी आल्या. शमीमभाभीने लांबूनच हात हलवला. मावशी मात्र सरळ घरात गेली. मी गच्चीवरून खाली उतरले, हाताला चीक तसाच, आणि विचारलं, "सांगा, काय काय इचारलं?"

"थांब," ती म्हणाली.

चुलीत विझलेला कोळसा होता. तो घेऊन ती चौकटीशी गेली. सतरा रेघांच्या खाली जागा होती. तिथे ती वाकली आणि लिहायला लागली. शाळेतल्या तीन तासांनंतरही रेघ थोडी वाकडी जात होती. प्रत्येक अक्षरानंतर ती मागे सरून बघायची, मग पुढचं काढायची. लिहून झाल्यावर तिने बोट ठेवत मोठ्याने वाचलं.

"निंब. सतरा. हात."

शमीमभाभीला आनंदाने काय करू नि काय नको असं झालं. ती पदराचं टोक ओलं करून पुढे झाली. "अब ये लकीरें पोंछ दूं क्या, बाई? लिखा तो है तुमने."

"राहू दे," मावशी म्हणाली. "ज्याले वाचता येत नाही, त्याच्यासाठी राहू दे."